सदतीस सेंट खारं पाणी

चि. निखिल आणि चि. मधुरा,

तुमच्या आईने लिहिलं आहे की तुम्ही दोघं रोज संध्याकाळी टीव्हीवर तिथल्या किनाऱ्याचं हवामान बघता. वारा किती, पाऊस किती, लाटा केवढ्या... आणि मग उद्या काय घालायचं ते ठरवता. ते वाचून मी पत्राची घडी केली आणि कोरा कागद पुढे ओढला. आजोबा कसे गेले, हे तुम्ही मला आजवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी "वादळात" एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. आज पुरतं लिहिते.

एक आधी सांगते. तुमची आजी भुताखेतांतली बाई नव्हे. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारी. माझ्या सासूबाई दर अमावास्येला सगळ्या घराची दृष्ट काढायच्या आणि मी मागून शांतपणे मिरच्यांचा खकाणा झाडून टाकायची. मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ द्यावं, त्याला घाई असेल, असं म्हणणारी मी. आजही तशीच आहे. म्हणून तर हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

गोष्ट तीसच्या दशकाच्या शेवटाकडची. आम्ही पंचवटीत राहायचो. दोन खोल्या आणि मागे फरसबंदी अंगण. गोदावरी घरातून दिसत नसे, पण सकाळी घाटावरच्या धुण्याचे धपके स्वच्छ ऐकू येत. घरात सासूबाई आणि मी. तुमचे आजोबा ओव्हरसियर होते, दक्षिण कोकणात एका खाडीवर पूल चालला होता तिथे. राहायला पत्र्याची खोली, जवळपास डॉक्टर नाही, म्हणून मला नेलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम चार महिने आम्ही एकत्र काढले होते.

जायच्या आधी त्यांनी तांबट आळीत दोन पर्जन्यमापक करून घेतले. तांब्याचं नळकांडं, वर फनेल, आत बाटली. मी बरोबर गेले होते. म्हातारा तांबट त्यांचं चित्र उलटंपालटं करून बघत म्हणाला, "रावसाहेब, देवाची भांडी केली, लग्नाची केली. पावसासाठी भांडं आजच करतोय."

"दोन्ही एकाच पत्र्यातून कापा," हे म्हणाले. "तोंडं अगदी सारखी पाहिजेत."

"का? पाऊस भांडतो का काय?"

"पाऊस नाही, बायको भांडेल. 'तुमचं तोंड मोठं, म्हणून तुमचा पाऊस जास्त,' म्हणेल."

एक मापक ते घेऊन गेले, दुसरा आमच्या अंगणात तुळशीपासून चार हात लांब बसवला. ठरलं असं, की रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्यांनी तिथे मोजायचं, मी इथे. मोजायला काचेचं माप होतं, त्यावर इंच आणि सेंटच्या रेघा. शंभर सेंटचा एक इंच. नोंद वहीत करायची आणि आठवड्याचे आकडे पत्रातून एकमेकांना कळवायचे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी नियम लिहून दिले होते. तिसरा नियम असा: पावसाखेरीज दुसऱ्या कशाने पाणी आलं असेल तर ते ओतून टाकावं, नोंदू नये.

सासूबाई म्हणायच्या, "इंदू, त्या डब्यापुढे रोज वाकतेसच, तर दोन फुलं पण वाहा."

पावसाळ्यात त्यांची पत्रं यायची, "तुमच्या नाशिकला आठवड्यात दीड इंच? आमच्याकडे एवढा आंघोळीच्या वेळात पडतो. हरलीस." पण रोज आठ वाजता, मोजायच्या त्या दोन मिनिटांत, मी एकटी नसे. तेही आत्ता वाकून बघत असतील, एवढं मला पक्कं ठाऊक असे. दिवसातला बाकी वेळ मात्र फार मोठा होता.

शेजारच्या वकीलकाकांकडे मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. आदल्या रात्री छापलेला टपाली अंक, सकाळच्या गाडीने. त्यांचं वाचून झालं की साडेदहाच्या सुमाराला काकू भिंतीवरून मला द्यायच्या. मी आधी हवामान काढायची. नाशिकचं हवामान मला दारातून दिसत होतं. मी वाचायची ते कोकणचं. "कोकण: जोरदार पाऊस, वारे नैऋत्येकडून, समुद्र खवळलेला." दोनच ओळी. पण त्या वाचल्या की त्यांच्या खोलीचा पत्रा वाजताना मला ऐकू यायचा.

त्या वर्षी दिवाळीला त्यांना रजा मिळाली नाही. मला तेव्हा पाचवा महिना होता, पोटात तुमची आई. दिवाळीनंतर पत्र आलं: "पुलाजवळ खरी दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. आईला आणि तुला न्यायला येतो. मंगळवारची बोट धरीन. इथे वर्तमानपत्र चार-चार दिवसांनी येतं, म्हणून तू सोमवारी कोकणचा अंदाज वाच आणि तार कर. मचव्यातून खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन बोट गाठावी लागते आणि मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहेच. हवा बरी नसली तर पुढच्या आठवड्यात येईन."

तो सोमवार. आभाळ घासून ठेवल्यासारखं निळं होतं. पाऊस संपून महिना झाला होता. मी आदल्या संध्याकाळी काढलेली रांगोळी कणभरही विस्कटली नव्हती. आठ वाजता सवयीने फनेल उचललं... बाटलीत पाणी.

मी आधी दवाचा विचार केला, पण दव इतकं जमत नाही. मापात ओतलं. सदतीस सेंट. सवयीने वहीत पेन्सिलीने लिहिलंसुद्धा: ०.३७. मग भानावर आले आणि धुणंभांडी करणाऱ्या गंगूबाईला हाक मारली. ती हरसूलकडची, वयाने माझ्या आईएवढी.

"गंगूबाई, यात पाणी तू ओतलंस?"

"म्या कशाला वतू? मला काय काम नाय व्हय?" तिने मापात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं, गूळ चाखावा तसं. तिचा चेहराच बदलला. "बाई... हे तं खारं हाय."

मीही चाखलं. खारं म्हणजे मीठ घातलेल्या पाण्यासारखं नव्हे. कडवट, जड. लग्नानंतर एकदा आम्ही समुद्रावर गेलो होतो, तेव्हा लाटेने तोंडात गेलं होतं, तेच. नाशिकपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा.

"म्हातारीला सांगा," गंगूबाई म्हणाली.

"कुणाला काही सांगायचं नाही."

"आवो पन..."

"कुणी तरी खोडी केली असेल. तू भांडी घास."

आता मुलांनो, नीट वाचा, कारण सगळं इथेच आहे. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला तार करू दिली नसती. निदान "येऊ नको" अशी तरी करायला लावली असती. हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं, आणि म्हणूनच मी सांगितलं नाही. मी शिकलेली होते. बाटलीतलं पाणी बघून नवऱ्याला थांबवणारी बाई मला व्हायचं नव्हतं. आणि दुसरं, जास्त खरं — मला ते यायला हवे होते. आणखी एक आठवडा मला नको होता.

मी तिसरा नियम पाळला. पाणी मोरीत ओतलं. ०.३७ खोडरबराने खोडलं आणि ०.०० लिहिलं. शेऱ्याची जागा रिकामी ठेवली.

साडेदहाला काकूंनी वर्तमानपत्र दिलं. "कोकण: हवा मुख्यतः स्वच्छ, वारे मंद, समुद्र शांत." तो अंदाज आदल्या दुपारचा होता आणि त्या दुपारपुरता बरोबरही असेल. पण माझ्या हातातल्या अंकावर सोमवारची तारीख होती, म्हणून मी तो सोमवारचा समजले.

तारघरातले शेखमास्तर मला ओळखायचे. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. "या वहिनी! आज काय, आभाळाची तार?"

मी फॉर्मवर लिहिलं: वेदर फेअर. कम.

त्यांनी मोठ्याने वाचलं आणि हसले. "वा. ओव्हरसियरसाहेबांची मजा आहे. आम्हाला आमची बेगम फक्त साखर संपली म्हणून कळवते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणखी काही लिहायचंय का? हात अजून कागदावर आहे तुमचा."

खरंच होता. मी हात उचलला. "नाही. एवढंच."

त्यांनी तार लावली. टकटक मी उभी राहून पूर्ण ऐकली.

मंगळवारी दुपारी नाशिकला नुसता वारा सुटला. अंगणातली धुणी उडाली. सासूबाई म्हणाल्या, "थंडीची सुरुवात." बुधवारी तार आली. मंगळवारी पहाटे निघालेला मचवा खाडीच्या तोंडाशी उलटला होता. वादळ समुद्रावरून अचानक आलं होतं. मचव्यातले दोघे पोहून काठाला लागले. तुमचे आजोबा नाही.

त्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही.

शनिवारी त्यांचं पत्र आलं. सोमवारी सकाळी लिहून, घाट चढून इकडे येणाऱ्या टपालात टाकलेलं. ते माझ्यापुढे आहे, त्यातून जसंच्या तसं उतरवते:

"प्रिय इंदू, आठवड्याचे आकडे सगळे शून्य, म्हणजे बरोबरी. आज मात्र गंमत झाली. आभाळ निरभ्र, आणि बाटलीत सदतीस सेंट पाणी! चाखलं, तर खारट. काल दिवसभर वारा नव्हता, आणि इथला आपला मापक किनाऱ्यापासून बराच आत आहे, तरी समुद्राचेच तुषार असणार, दुसरं काय. तिसरा नियम लावला, ओतून दिलं, शून्य लिहिलं. तुला तारेने कळवणार होतो, पण तू हसशील. 'पाण्याला भ्यालात' म्हणशील. आता तुझ्या तारेची वाट बघतो. तू फेअर म्हणालीस की निघालो."

मी ते पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यांच्या पाण्याला निदान समुद्राचं कारण देता येत होतं. माझ्या पाण्याला काय कारण होतं? एका पत्र्यातून कापलेली दोन भांडी, एकाच ठोक्याला आम्ही दोघं वाकलो, दोघांनी तेच चाखलं, आणि दोघांनी एकमेकांच्या हसण्याला भिऊन तेच शून्य लिहिलं.

तुम्ही म्हणाल, आजीने पत्र वाचल्यावर आकडा मनात जुळवून घेतला. मीही दुसऱ्या कुणाला तेच म्हणाले असते. पण वही आहे. पेन्सिल खोडली तरी कागदावर दाब राहतो. पान उजेडाकडे तिरपं धरलं की शून्याखाली ०.३७ अजून दिसतं. गंगूबाईला मी नंतर एकदाच विचारलं, "ते पाणी खारं होतं ना?" ती म्हणाली, "बाई, मी इसरले. तुमी बी इसरा." ती विसरली नव्हती. त्यानंतर तिने ते अंगण कधी एकटीने झाडलं नाही.

सासूबाईंना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या माझ्याच हातांत गेल्या. "तू फार सोसलंस," असं जाताना मला म्हणाल्या.

पुढे एकदा इथल्या कॉलेजातल्या भूगोलाच्या एका प्राध्यापकांना मी हे सगळं एका 'ओळखीच्या बाईची' हकीगत म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, वाऱ्याने क्षार लांबवर जाऊ शकतात. मी विचारलं, वारा नसताना? बाटलीच्या आत? रांगोळी न विस्कटता? आणि तेवढेच सेंट? त्यांनी चहा मागवला.

मापक अजून आहे. नळकांडं गळायला लागलं तेव्हा दोनदा डाग दिला, बाटली तीनदा बदलली. मी अजून रोज आठला वाकते. पाऊस असतो, नसतो. खारं पाणी पुन्हा कधी आलं नाही, आणि पावसाळा नसलेल्या दिवसांतसुद्धा मी बाटलीत बोट घालून जिभेला लावतेच. काय सापडावं असं वाटतं, ते मला सांगता येणार नाही.

हे पत्र लिहायच्या आधी आज सकाळी मी जुनी वही काढली. त्या सोमवारच्या ओळीत शेऱ्याची जागा इतकी वर्षं रिकामी होती. शून्य मी तसंच ठेवलं, ते माझ्या हातचं आहे. पुढे शाईने लिहिलं:

"०.३७. पाऊस नव्हता. पाणी खारट. दोन्हीकडे. कारण माहीत नाही. कळवायला हवं होतं."

तुमची,
आजी