आबाजींच्या खाटेखालची मुंबई

जुना मध्यप्रदेश दिल्लीत मोडला असे सगळे सांगतात. सांगोत बापडे. आमचा मध्यप्रदेश माझ्या मामीने बाभुळगावच्या घरामागच्या वाडीत, खुरप्याने, एका दुपारी मोडला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि शेणखताची टोपली धरून तिथे जातीने हजर होते. त्यामुळे या बाबतीत मी दुसऱ्या कोणाचे ऐकून घेणार नाही.

मामी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास होती. मास्तरणीच्या ट्रेनिंगला निवड झाल्याचे पत्र आले त्याच आठवड्यात तिच्या लग्नाचा मुहूर्त निघाला, आणि त्या काळी अशा दोन गोष्टींत कोणती जिंकते हे सांगायला नको. पण मामीने हार मानली नाही. तिच्या माहेरच्या ट्रंकेत लुगडी चार आणि खडूचे डबे सहा निघाले. माप ओलांडताना तांदूळ सांडले, तेव्हा नवी नवरी नणंदेच्या कानाशी लागून म्हणाली, "वन्सं, किती दाणे सांडले ते मोजा बरं." नणंद बिचारी मोजत बसली. ती नणंद म्हणजे माझी आई. दोनशे अकरा होते, हे ती पुढे आयुष्यभर सांगत असे.

घरात आम्ही सात मुले. मामीची चार, धाकट्या मामांची दोन आणि सातवी मी. माझे वडील जंगल खात्यात होते आणि त्यांची बदली नेहमी अशा जागी होई की जिथे अस्वलांची सोय होती पण शाळेची नव्हती. गावात शाळा होती, अगदी घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर. पण मामीचे म्हणणे, "थ्या शायेत पाटीवर लिवतेत अन् पुसून टाकतेत. जे हातानं केलं नाई थे डोक्यात राह्यत नाई." म्हणून तिने आम्हां सातांना घरीच शिकवायला घेतले. सकाळी बैलाच्या गळ्यातली घाट वाजवायची, प्रार्थना म्हणायची आणि जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या पानांच्या, तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या वहीत हजेरी घ्यायची. वहीत सात नावे होती. मामा एकदा गमतीने "हजर" म्हणाले, तर त्यांना अंघोळीला उशीर झाल्याबद्दल उभे राहावे लागले.

शिकण्याच्या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काहीतरी वळावे, विणावे नाहीतर लिंपावे लागे. पाढे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांच्या जुड्या बांधून. इतिहास अंबाडीची दोरी वळत. मामी गोष्ट सांगायची आणि आम्ही मांडीवर वाख घेऊन वळत बसायचो; गोष्ट संपली की दोरी मोजायची. पानिपतची लढाई चौदा हात झाली. त्यानंतरचे बरेचसे पेशवे मिळून सहा हातही भरले नाहीत, म्हणून माझ्या मनातून ते कायमचे उतरले. भूगोलासाठी कागदाचा लगदा आणि मेथ्या कुटून मामीने घागरीवर पृथ्वीचा गोल थापला, हळद आणि निळीने रंगवला आणि वाळायला छपरावर ठेवला. मेथ्यांच्या वासाने शेजारची बकरी चढली आणि तिने आफ्रिका खाल्ली. दुसरी आफ्रिका थापायला मेथ्या उरल्या नव्हत्या, तेव्हा आम्हां सातांपैकी कोणालाही आजतागायत आफ्रिका येत नाही.

या बकरीमुळेच मामीला सुचले की भूगोल खाण्यासारखाच असेल तर तो आपणच खावा. त्या पावसाळ्यात तिने अख्ख्या वाडीत आपल्या राज्याचा नकाशा लावला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, जिथे भांड्यांचे पाणी यायचे, तिथे यवतमाळ. त्यात मेथी. विहिरीच्या अलीकडे नागपूर, त्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर. बुलढाण्यात पालक, आणि पार ईशान्येच्या कोपऱ्यात जबलपूर, त्यात वांगी. वर्धा आणि पैनगंगा छपरावरून काढलेल्या फुटक्या कवेलूंच्या पाटांतून वाहत. सीमा म्हणून आम्ही वळलेली दोरी खुंट्यांना ताणून बांधली होती, त्यामुळे पानिपतची लढाई छत्तीसगडच्या कडेकडेने गेली होती. प्रत्येक वाफ्यात रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यावर लिहिलेली पाटी. मामा शेतातून आले की विचारत, "आज भाजी काय हाय?" आणि आतून उत्तर येई, "बुलढाणा." मामा गरीब माणूस. ते बुलढाण्याशी दोन भाकरी खाऊन पुन्हा कपाशीत जात.

आणि मग नोव्हेंबर आला. दोन दिवस शिळे वर्तमानपत्र मोटारीने आले, मामीने ते वाचले आणि ती मटकन अकोल्यातच बसली. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता.

"जाऊ दे ना," मामा म्हणाले. "वांगे तं थेच हायेत."

"थेच कसे? जबलपूर आता आपलं नाई."

मामीने पदर खोचला. दुपारपर्यंत आमची दोरी नागपूरच्या पलीकडून वळवून घेतली गेली, आणि पूर्वेचा सगळा तुकडा, पाटीसकट, भरात आलेल्या वांग्यांसकट, कुंपण सरकवून शेजारणीला देण्यात आला. परराज्यातली भाजी तोडणे मामीच्या तत्त्वात बसत नव्हते. शेजारीण पुढे दोन महिने भरली वांगी करत होती. तो वास आमच्या यवतमाळपर्यंत यायचा आणि आम्ही मेथी खायचो.

पूर्व सोडली तशी पश्चिम मिळाली, तिथे नाशिकपर्यंत नवे वाफे पडले, आणि खरी अडचण त्यापुढे सुरू झाली. नव्या राज्याला समुद्र होता. वाडीच्या पश्चिमेला गोठा होता. मामीने क्षणभर विचार केला आणि गोठ्यावर "अरबी समुद्र" अशी पाटी ठोकली. राहिली मुंबई. तिने पानिपतच्या दोरीने तीनतीनदा मापून पाहिले, पण मुंबई पुन्हा पुन्हा एकाच जागी येई. ती जागा म्हणजे गोठ्यापुढचे कडूनिंबाचे झाड, आणि त्याखाली होती आबाजींची खाट.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, मामीचे सासरे. सहा फूट उंच, दम्याचे, शाळेचे तोंड न पाहिलेले, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. सुनेने सासऱ्याशी तोंडाने बोलायचे नाही ही आमच्याकडची रीत, आणि मामी ती कसोशीने पाळायची. लग्नाला इतकी वर्षे होऊनही दोघांत एक शब्द झालेला नव्हता. काही सांगायचे तर मधे एखादे मूल उभे करायचे. मुंबईची बोलणी मामीच्या धाकट्या सुमीमार्फत झाली. सुमी सहा वर्षांची होती.

"आबाजी, आई म्हनते, खाट जरा सरकवा. तिथं मुंबई येऊन राह्यली."

"तुया मायले सांग, मी दम्याचा मानूस हाव. मले लिंबाची साउली लागते. मुंबईले म्हना, दुसरीकडं जाय."

सुमी वळली. मामी तीन हातांवरच उभी होती, तिने सगळे ऐकले होते, पण सुमीने रीतीप्रमाणे सगळे पुन्हा सांगितले. असे आठ दिवस चालले. शेवटी मामीने आबाजी देवळात गेल्याची संधी साधून "मुंबई" लिहिलेला पत्रा त्यांच्या खाटेच्या पायालाच बांधला. आबाजींना वाचता येत नव्हते. हे काय म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा सुमी न डगमगता म्हणाली, "मुंग्या येऊ नाई म्हनून."

पण आबाजींच्या मनात ही सगळी शाळाच सलत होती. वाडी त्यांना कडब्याच्या गंजीसाठी हवी होती. एक दिवस ते सुमीला म्हणाले, आणि तीन हातांवरच्या मामीने ऐकले, "यवतमायचे मोठे गुरुजी माह्या वयखीचे हायेत. थे येऊन लेकरायची परीक्षा घेतीन. पास झाले तं चालू दे तुया मायची शाया. नाई झाले तं लेकरं उद्या गावच्या शायेत, अन् वाडीत कडबा." मामीने मान डोलावली. त्या दिवशी तिने भाजीत मीठ दोनदा टाकले. तिच्या हातून असे कधी होत नसे.

मोठे गुरुजी आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. ओसरीवर सतरंजी अंथरली, आम्ही सातजण ओळीने बसलो. पाढे, वाचन झाले. मग गुरुजींनी विचारले, "नागपूर कुठे आहे?" सात बोटे एकदम मागच्या भिंतीकडे गेली. "विहिरीच्या अलीकडं," मी म्हणाले. गुरुजींनी चष्मा पुसला. "बरं, आपल्या राज्याच्या पश्चिमेला काय आहे?" "गोठा." "अरबी समुद्रात काय काय सापडते?" सगळ्यांत थोरला मुलगा थोडा विचार करून म्हणाला, "शेन." आबाजींनी ओसरीवरूनच वाडीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मापायला सुरुवात केली.

दाराआड मामी उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. सुमी आत जाऊन आली आणि म्हणाली, "आई म्हनते, हेच वाडीत विचारा."

सगळी वरात मागे आली. गुरुजी वाफ्यांकडे बघत राहिले. आबाजी खाटेवर पाय खाली सोडून बसले. गुरुजी म्हणाले, "यवतमाळहून मुंबईला कसे जाल?" आणि कोणी काही म्हणायच्या आत सुमी मेथीतून सुटली. तोंडाने गावे म्हणत अमरावतीचा मुळा ओलांडला, अकोल्याला वळसा घातला, भुसावळला पाटावरून उडी मारली, नाशिकच्या कांद्यांतून एकही पात न मोडता गेली आणि खाटेपाशी येऊन थांबली. पुढे आबाजींचे दोन पाय होते.

"आबाजी," ती धापा टाकत म्हणाली, "पाय वर घ्या. मले मुंबईले जायचं हाय."

आबाजींनी खाटेच्या पायाच्या पत्र्याकडे पाहिले. मुंग्यांचे रहस्य त्यांना तेव्हा कळले असावे. नातीला अडवले तर कडबा मिळत होता. मामी विहिरीआड उभी, तिने डोळे मिटून घेतले होते. आबाजी खोकले, गुरुजींकडे पाहिले, सुमीकडे पाहिले, आणि दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले. "एवढ्यापुरतेच," ते म्हणाले. सुमी खाटेखाली शिरली आणि मुंबईला पोचली.

गुरुजींनी आम्हां सगळ्यांना पास केले. इतका भूगोल आपल्या शाळेतही कोणाला येत नाही असे ते म्हणाले. मग जाता जाता सहज त्यांनी दाराकडे तोंड करून विचारले, "बाई, लेकरं हुशार आहेत. पण पुढचं इंग्रजी, बीजगणित कोण शिकवणार?"  

दुसऱ्या दिवशी मामीने घाट वाजवली नाही. ती जुन्या खादीच्या चादरी फाडत बसली होती. आठ दिवसांत तिने सात दप्तरे शिवली, प्रत्येकाला अंबाडीच्या दोरीचा बंद. माझ्या दप्तराला पानिपतचा तुकडा आला. शाळा तिनेच बंद केली, जिंकलेली शाळा. मला त्या वेळी नव्या दप्तराचा आनंद झाला होता, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

बाकीची मोठी माणसे शेतात, तेव्हा आता घरात दिवसभर फक्त मामी आणि आबाजी, आणि मधे निरोप न्यायला एकही मूल नाही. रीत मोडणे दोघांच्याही रक्तात नव्हते. तेव्हा त्यांनी तोड काढली. गोठ्यात एक म्हातारी लंगडी गाय होती, ती चरायला जात नसे. आबाजी तिला सांगत, "चहा झाला असन तं आनायले सांग वो." मामी तिला सांगे, "ठेवला हाय म्हनावं, दूध फाटलं व्हतं." गाय दोन्हीकडे बघून रवंथ करी. त्या वर्षी होळीला ती गाय मेली. तरी बोलणे थांबले नाही. दोघे रिकाम्या खुंट्याशी बोलत.

पुढे मी शिकायला यवतमाळला गेले; साठ सालच्या मे महिन्यात तिथून सुट्टीला आले तेव्हाही हेच चालले होते. पुन्हा राज्य बदलले होते. वाडीत उन्हाने सगळे करपले होते, पण मामी एकटी दोरी सोडून नव्या खुंट्या ठोकत होती. मी म्हटले, "मामी, आता कोणासाठी?" ती म्हणाली, "चुकीचा नकाशा डोयापुढं पाहवत नाई वो पोरी."

खाटेवर आबाजी उठून बसले. खुंट्याकडे तोंड करून म्हणाले, "मुंबई आता आपली झाली म्हनते. मंग मी एकटा कायले अडवून ठेऊ?" आणि स्वतःच खाट ओढायला लागले. ओढता ओढता दम लागला. मामी धावली, तिने दुसरीकडून खाट धरली, आणि दोघांनी मिळून ती तीन हात सरकवली, साउली होती तिथवर. आबाजींनी पायाला बांधलेला पत्रा सोडला आणि डोळ्यांपुढे धरला.

"साडेतीन वर्सं याच्यावर पाय टेकून बसलो," ते खुंट्याला म्हणाले. "काय लिवलं हाय थे तं शिकवा म्हनावं."

मामीने पदर पुढे ओढला. खुंट्याकडे पाहिले. मला वाटले, आता मलाच मधे उभे राहावे लागणार. आणि मग ती थेट त्यांना म्हणाली, "मामाजी, पाटी उलटी धरली हाय."

तीन अक्षरे यायला आबाजींना सगळा उन्हाळा लागला.

मामी गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती पंचांगाच्या पानांची वही सापडली. आमची सात नावे, मग कोरी पाने, आणि मग साठ सालच्या मेपासून रोज एकच ओळ. सासऱ्याचे नाव सून घेत नाही, म्हणून तिने लिहिले आहे, "मामाजी - हजर." अशी दोन वर्षे जातात. शेवटच्या ओळीत "मामाजी" एवढेच आहे. त्यापुढे "गैरहजर" लिहायला तिचा हात झालेला नाही.