सिस्टरची वही आणि आईचं लाल पेन

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसभरासाठी सिस्टर यायला लागल्या. जवळच्याच उत्तन गावच्या, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. माझी आई निवृत्त शिक्षिका. तिचं आयुष्य मुलांना बाकावर उभं करण्यात गेलेलं. तिच्याच घरात दुसरं कुणी हुकूम सोडतंय, हे तिला पहिल्याच सकाळी खुपलं. त्यात सिस्टर तिला 'आजी' म्हणाल्या.

सिस्टर एका वहीत सगळं लिहायच्या: शुगर, बीपी, औषधं, किती पावलं चालले. एक दिवस त्यात ओळ आली, 'मीसेसनी पेशंटला चकली दीली. सांगून ऐकत नाही.' आईने लाल पेन काढलं. दोन वेलांट्या सुधारल्या आणि खाली लिहिलं, 'खोटे. अर्धी चकली.'

"आजी, ही वही डॉक्टर बघतात!"

"मग शुद्ध नको?"

खरं भांडण मात्र चालण्यावरून होतं. डॉक्टरांनी वॉकर घेऊन रोज चालायला सांगितलेलं. बाबा पलंगावरून पाय खाली सोडतानाच कण्हायचे आणि आई विरघळायची. "राहू दे आज. चेहरा बघा किती उतरलाय."

"मी चेहरा बघायला न्हाय आले, पाय बघायला आले," सिस्टर म्हणायच्या.

बाबा एरवी कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवायचे. या दोघींचे आवाज चढले की मुकाट्याने कानात घालायचे.

एका दुपारी सिस्टरना उशीमागे शिऱ्याचा डबा सापडला. तो घेऊन त्या तडक स्वयंपाकघरात. मी हॉलमध्ये ऑफिसची मीटिंग म्यूट करून मागे धावले.

"आजी, हे काय?"

"शिरा. साखर इतकी कमी आहे की त्याला गोड म्हणायची लाज वाटते."

"मी चालले. एजन्सीला सांगते, दुसरी पाठवा."

"सांगा. फोन मी लावून देते!"

कुकरच्या शिट्ट्या चालू, त्यावर या दोघी. मी मध्ये हात पसरून उभी. इतक्यात मागे खट, खट असा आवाज आला. दारात बाबा. दोघांनी धरल्याशिवाय बाथरूमलाही न जाणारे बाबा वॉकर टेकत एकटे आले होते.

"शिट्टीमुळे काही कळलं नाही," ते म्हणाले. "एजन्सीचं काय?"

दोघी एकदम ओरडल्या, "कुणाला विचारून उठलात?"

एकीने डावा दंड धरला, दुसरीने उजवा. खुर्चीत बसवून दोघींनी मिळून त्यांना जसं फैलावर घेतलं, तसं आईला एकटीने घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. मधेच आई म्हणाली, "सांगा हो सिस्टर, पडले असते तर?" आणि सिस्टरनी सविस्तर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या कण्हण्याला भाव मिळेना. दीडेक महिन्यात ते काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊ लागले, वॉचमनशी हिंदीत हुज्जत घालू लागले. सिस्टरना दुसरं घर मिळालं. निघताना आईने त्यांना कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि पिठी कशी करायची यावरून दाराशी पंधरा मिनिटं वाद घातला.

त्या दुपारी आई लाल पेनाचं टोपण काढत-घालत बसून होती. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही गं. तुझ्या बाबांशी भांडण्यात मजाच नाही. लगेच हो म्हणतात."