तिकीट होतं, पण शिक्का नव्हता

मंडळी, अमेरिकेत मुलाकडे आल्यापासून आज दुपारी जर्सी सिटीत मी पहिल्यांदाच एकटी लाइट रेलने गेले. माझा मुलगा मंदार सकाळीच म्हणाला होता, "आई, काही घोळ झाला तर यापुढे वीकेंडलाच बाहेर पडायचं, मी ड्राइव्ह करीन." म्हणजे आठवडाभर विसाव्या मजल्यावरून नदी बघत बसायचं!

मशीनमधून तिकीट काढलं, रुमालात नीट गाठ मारून ठेवलं आणि बाळंतीण भाची स्नेहासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ऐटीत बसले.

तेवढ्यात तपासणाऱ्या बाई आल्या. मी गाठ सोडून कोरं करकरीत तिकीट पुढे केलं. "स्टॅम्प?" बाईंनी विचारलं. इथे चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात तिकिटावर आपणच वेळेचा शिक्का मारायचा असतो, हे मला कुठलं ठाऊक! आता मंदारला फोन गेला की संपलंच.

"फर्स्ट टाइम," मी कसंबसं म्हटलं.

पुढच्या स्टेशनवर बाई माझ्यासोबत उतरल्या, यंत्र दाखवलं. तिकीट आत सरकवताच खट्ट वाजलं. "नाउ गो, ममा!" बाई हसल्या.

लाडू पोचवून परतताना फलाटावर फोनवर मराठी बोलणारे एक आजोबा तिकीट जपून पाकिटात ठेवताना दिसले.

"अहो, थांबा! आधी शिक्का मारा!"

शिक्का मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्याच का?"

"हो," मी म्हटलं, "आज दुपारपासून."

उद्या लायब्ररीत निघालेय. तुमच्या घरी आलेले आईबाबा एकटे फिरतात, की अजून वीकेंडची वाट बघतात?