लालमियाँचा बिनमोटारीचा रस्ता

जालन्यात मस्तगडला लालमियाँचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक हवेचा पंप आणि मडगार्डवर नंबर रंगवलेल्या, भाड्यानं द्यायच्या पाच सायकली. तासाच्या भाड्यानं सायकल मागायला गेल्या दहा वर्षांत तिकडं कुत्रं फिरकलेलं नाही. तरी लालमियाँ रोज सकाळी पाचही सायकलींत हवा भरतात. माणसाचं वय चौसष्ट, आणि उजवा गुडघा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा.

त्यांची स्वतःची सायकल वेगळी, काळी, कॅरियरला हत्यारांची पेटी बांधलेली. पस्तीस वर्षं त्या सायकलवर ते जालना आणि बदनापूरच्या मधली गावं फिरले. डांबरीनं नाही बरं का. डांबरीवर कुणाची सायकल पंक्चर होते? शेतकऱ्याची सायकल बसते बांधावर, बाभळीच्या काट्यानं, आणि तिथंच त्याला मिस्त्री लागतो. त्यामुळं शिवेवरच्या, ओढ्याकाठच्या सगळ्या वाटा लालमियाँना पाठ. पुढं त्या वाटांच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा झाल्या, शेतकऱ्यांनी मोटारसायकली घेतल्या, पंक्चरं संपली. लालमियाँ मात्र नुसती ख्यालीखुशाली विचारायला फिरत राहिले.

हे त्यांचा मुलगा परवेजला बघवत नव्हतं. शेजारीच त्याचं मोबाईलचं दुकान. गेल्या वर्षी अब्बा हायवे ओलांडताना ट्रकच्या हॉर्ननं दचकून पडले, तेव्हापासून त्यानं जिवाला घोर लावून घेतला. त्यानं अब्बांच्या दुकानाच्या भिंतीत, पार वर, बोटाएवढा जाड खिळा ठोकला आणि सांगितलं, सायकल इथं टांगा आणि माझ्या गल्ल्यावर पंख्याखाली बसा. लालमियाँ घरात उर्दू बोलतात, पण संतापले की मराठीवर येतात. त्या दिवशी ते अर्धा तास मराठी बोलले.

अशात फेब्रुवारीत पुण्याहून अर्पिता नावाच्या मुलीचा फोन आला. तिला आणि तिच्या चार मित्रांना द्राक्षबागांतून सायकलवर हिंडायचं होतं, आणि रस्ता असा हवा होता की जिथं मोटार नाही, धूर नाही, हॉर्न नाही. लालमियाँनी सांगून टाकलं की असा रस्ता आहे, तो फक्त आपल्याला ठाऊक आहे, आणि बदनापूरला तुम्हाला अकरा चाळीसच्या गाडीत बसवून देतो. परवेजनं हे ऐकलं आणि अट घातली. डांबरीला चाक न लावता गाडीच्या आत पोचलात तर सायकल तुमची, मी जन्मात काही बोलणार नाही. चुकलात तर सायकल माझी, मी ती खिळ्याला टांगणार. लालमियाँ हो म्हणाले खरे, पण एक भीती होतीच.

भीती अंतराची नव्हती. भीती होती चहाची. वाटेत ओळखीच्या सात बागा, आणि चहा घेतल्याशिवाय कोणी पुढं सोडायचा नाही. एकाकडं घेतला आणि दुसऱ्याकडं नाही, तर दुसरा वर्षभर तोंड फुगवून बसणार. मग लालमियाँना अशी युक्ती सुचली की ते स्वतःवरच खूश झाले. त्यांनी रमजानातला दिवस ठरवला. रोजा असलेल्या माणसासमोर चहा ओतायला कुणाचा हात धजेल? बायको हसीनानं कपाळावर हात मारून घेतला. उपाशीतापाशी बावीस किलोमीटर, आणि ह्या गुडघ्यानं! पण रोजाच्या आधी पहाटे जेवायचं, त्या सहरीला तिनंच एक भाकरी जास्त वाढली.

आठव्या रोजाला सकाळी साडेसातला सहा सायकली निघाल्या. ओढा ओलांडला आणि शहराचा आवाज मागं पडला. दोन्हीकडं वेलींचे मांडव, खाली पिकलेले घड, आणि चाकाखाली नुसती मातीची करकर. अर्पिता म्हणाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येतोय. तो रस्ता आपणच बांधल्यासारखी लालमियाँनी मान हलवली.

पहिली बाग पुंजारामची. त्यानं पाहुण्यांसाठी चहाचं भांडं चढवलं, मग रोजाचं ध्यानात आलं तशी जीभ चावून उतरवलं. लालमियाँनी मनात अल्लाचे आभार मानले आणि पायडलवर पाय ठेवला. तेवढ्यात पुंजाराम बागेत शिरला आणि पाच किलो द्राक्षं कापडी पिशवीत घालून घेऊन आला. रोजा सोडायला न्या म्हणाला. आता चहाला एक वेळ नाही म्हणता येईल, पण रोजा सोडायला दिलेलं माणूस कुठल्या तोंडानं परत करणार? पिशवी हँडलला लटकली.

पुढच्या बागेत कारभारीनं ती पिशवी बघितली आणि त्याचा स्वाभिमान जागा झाला. त्यानं सात किलो दिली. तिसरी बाग द्वारकाबाईची. म्हातारी पंच्याहत्तरीची, पण कात्री दुसऱ्याच्या हातात देणार नाही. एकेक घड उन्हाकडं धरायची, निरखायची, पसंत पडला तरच तोडायची. लालमियाँ बांधावर उभे राहून घड्याळ बघत होते आणि पुरे अक्का, बस अक्का करत होते.

"उपाशी माणसानं लई बोलू न्हाई," ती म्हणाली.

पाऊण तासानं तिनं स्टीलचा मोठा डबा भरून दिला आणि परत आणून द्यायचा म्हणून दोनदा बजावलं. तोवर कारभारीनं पुढच्या सगळ्यांना फोन करून ठेवले होते. बागवाले पिशव्या घेऊन वाटेतच उभे. आणि त्यातले निम्मे मोबाईल परवेजच्याच दुकानातून घेतलेले!

सातव्या बागेनंतर चाळीस किलो द्राक्षं झाली. पिशव्या गुडघ्यांवर आपटू लागल्या. तीन नंबरच्या सायकलवरचा पोरगा पाण्याच्या चारीत पडला, पण बहाद्दरानं पिशवी हातात उंच धरून ठेवली होती. अकरा वाजले. स्टेशन वाटेनं पाच किलोमीटर, आणि डावीकडं वळलं तर डांबरीनं फक्त दोन. अर्पिता थांबली. काका, डांबरीनं जाऊ, आम्ही कुणाला सांगणार नाही, असं तिनं हळूच सुचवलं.

लालमियाँनी डांबरीकडं बघितलं. जीभ टाळूला चिकटली होती, गुडघा ठणकत होता, आणि पस्तीस वर्षांची सायकल त्या दोन किलोमीटरांवर अडकली होती.

"मी रोजात हाय पोरी," ते म्हणाले, आणि सरळ वाटेनं निघाले.

स्टेशनात शिरले तेव्हा त्यांना गाडीचा शेवटचा डबा दिसला, तोही पाठमोरा. लालमियाँ बाकावर बसले. रडू येत होतं, पण परक्या पोरांसमोर रडताही येत नव्हतं. परवेजचा पत्ताच नव्हता. तो पप्पूच्या टेंपोत बसून सायकली परत न्यायला साडेनऊलाच निघाला होता, तो साडेबाराला उगवला. हायवेवर टँकर आडवा झालेला, पुढं मागं ट्रक, अडीच तास एका जागी. परवेजचाही रोजा, तोंड वाळून कोरडं पडलेलं. पुण्याच्या एका पोरानं चटकन सांगितलं की आज गाडी लेट आहे, अजून आलीच नाही.

"आल्ती, गेली," लालमियाँ म्हणाले. "आमची चुकली. हरलो मी." त्यांनी कॅरियरची पेटी सोडली आणि सायकल परवेजच्या हातात दिली.

परवेजनं हँडल धरलं. त्यानं अब्बांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग टेंपोकडं बघितलं.

"म्हंजे आता ही सायकल माझी?"

"तुझी."

"मंग मी हिच्यावरच घरी जातो. त्या हायवेनं बिलकुल जाणार न्हाई."

"रस्ता माहीत हाय का तुला?"

"न्हाई," परवेज म्हणाला. "तुम्हाला हाय की."

पाहुणे चारच्या गाडीनं दहा किलो द्राक्षं आपल्या सॅकमध्ये भरून घेऊन गेले. जाताना अर्पितानं पुढच्या वर्षीचा रमजान कधी आहे ते विचारून घेतलं. उन्हं कलल्यावर बाप तीन नंबरची सायकल घेऊन पुढं आणि लेक काळीवर मागं, असे दोघं निघाले. वाटभर एक हॉर्न वाजला नाही. दिवस मावळून मगरिबची अजान व्हायच्या आत घरी पोचले आणि द्वारकाबाईच्या डब्यातली द्राक्षं खाऊन त्यांनी रोजा सोडला. बाकीची द्राक्षं आणि पप्पू हायवेनं दोन तासांनी आले.

परवेज शब्दाचा पक्का. सायकल खिळ्याला टांगायची म्हणून त्यानं शिडीसुद्धा आणली. पण हसीनानं धुतलेल्या सहा पिशव्या आणि तो डबा त्याच्या हातात ठेवला. लोकांच्या पिशव्या लोकांना द्यायला नकोत का? आणि रिकामं भांडं कुणी परत करतं का?

म्हणून ईदच्या दुसऱ्या दिवशी परवेज काळ्या सायकलला शीरखुर्म्याचा डबा आणि मिठाईच्या सहा पिशव्या लटकवून निघाला, पुढं अर्थातच अब्बा. दुपारी द्वारकाबाईच्या बागेत पोचले. म्हातारीनं शीरखुर्मा काढून घेतला, डबा घासला, कात्री घेऊन वेलींखाली गेली आणि पाऊण तासानं डबा भरून परवेजच्या हँडलला अडकवला.

"डबा परत आणून द्यायचा," ती म्हणाली.