अकरा ते पाच दार बंद

वाटूरच्या आमच्या घरात बसून मी बावीस वर्षं नोकरी करतेय, आणि पहिली चार वर्षं ही नोकरी आहे हे एकाही माणसाला पटलं नाही. शहरातल्या एका प्रकाशकाकडून शाळेच्या गाईडांची प्रुफं एसटीनं फाट्यावर यायची. ती आणायची, चुका शोधून लाल पेनानं खुणा करायच्या, पाकीट परत गाडीत द्यायचं. शिवणकाम असतं तर मशीनचा आवाज तरी झाला असता. मी नुसती कागद घेऊन बसायचे. बघणाऱ्याला वाटायचं, बाई निवांत वाचत बसलीय.

मग काय, उन्हाळा लागला की पहिलं बोलावणं मला. आमच्याकडे कुरडया-पापड कोणी एकटीनं करत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! पण मास्तरीणबाईंना बायका रविवार बघून बोलवायच्या, आणि मला वारच नव्हता. तुझं काय, घरीच तर आहेस, एवढं म्हटलं की विषय संपला. अशी तिडीक जायची डोक्यात!

एका दुपारी दहावीच्या गणिताचं गाईड तपासत होते. शेवटी उत्तरांच्या पानावर आले आणि शेजारच्या काकूंनी हाक मारली. कुरडयांचा चीक शिजला होता. तो गार झाला की सोऱ्यातून निघत नाही, म्हणून पेन टाकून पळाले. परत येऊन घाईघाईत पान संपवलं. चौदाव्या गणिताचं उत्तर सुटलं होतं आणि खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली होती. मला ते दिसलंच नाही. पुस्तक तसंच छापून गेलं.

प्रकाशकांचा फोन आला. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. पुढच्या पुस्तकात असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल, एवढंच म्हणाले. मी रडले, तोंड धुतलं आणि ठरवून टाकलं. अकरा ते पाच दार बंद.

आता गावात दिवसा दार लावायचं म्हणजे एक तर घरात कोणी नाही, नाहीतर काहीतरी विपरीत घडलंय. सासूबाई भडकल्या. दिवसाढवळ्या कडी लावल्यावर लोकांना काय सांगू, म्हणाल्या.

"काही बी सांगा," मी म्हटलं. "माझं म्हणावं असं हे एवढंच आहे. ते मी जाऊ देणार न्हाई."

त्या रागानं दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही कडी काढली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाहेर काकूंचा आवाज आला. कुरडयांचंच बोलावणं होतं. माझा पेन थांबला. आता सासूबाई दार वाजवणार, नक्की वाजवणार.

"ती कामावर गेली," सासूबाई म्हणाल्या. "पाचाला येईल."

अहो, तिच्या चपला तर इथंच आहेत, काकू म्हणाल्या.

"चपला घरी ठिवूनच जाती ती."

काकूंची पावलं लांब गेली. मी डोळे पुसले आणि समोरचं पान पहिल्या ओळीपासून पुन्हा घेतलं, बोट ठेवून, एकेक आकडा.

पाचाला कडी काढली. सासूबाईंनी ओट्यावरूनच मान वळवली.

"आलीस का?" म्हणाल्या. "बस. मी च्या टाकते."