बांधावरच्या शिवणीची गिटार

लाकूड मुकाट्यानं वाकत नाही. गिटारची पहिली बाजू तापलेल्या लोखंडी पाइपवर वाकवताना फाडकन तुटली आणि तिची ढलपी माझ्या अंगठ्यात घुसली. मी ती उपटली, लाकडाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि दुसरी फळी भिजत टाकली. डहाणूला स्टेशनवर तिकीटखिडकीत बसणारी बाई मी. दिवसभर लोकांवर वसकायचं आणि घरी येऊन सागाशी मारामारी, असा माझा संसार.

दुकानातली गिटार आमच्या खाऱ्या हवेत फुगून उकलली, म्हणून म्हटलं, इथलंच लाकूड घेऊ. साग तलासरीच्या वखारीतून आणला. पण वरची पातळ फळी, जिच्यातून आवाज उठतो, ती मला शिवणीच्या झाडाचीच हवी होती. आमच्या चिकूच्या वाडीत बांधावर वडिलांनी लावलेली शिवण वादळात आडवी झाली होती. वडील गेल्यापासून वाडी धाकटा भाऊ बघतो. मी त्याला सांगितलं, बहिणींनी करायची असते तशी हक्कसोड करून देते, वाडी सगळी तुझी, मला फक्त ते पडलेलं झाड दे. तो हसला. जळणच आहे ताई, ने म्हणाला.

लाकूड वाळायला दोन पावसाळे गेले. तेवढ्यात जवळ नवं बंदर होणार या बातम्यांनी जमिनीचे भाव चढले आणि भावाची झोप उडाली. हक्कसोडीच्या सहीसाठी रोज फोन. मी म्हणायचे, अरे बाबा, एवढी गिटार होऊ दे. सही करणारच होते मी, अगदी खरं. त्याला वाटलं, ताई फिरली.

तारा चढवल्या त्या रविवारी तो वाडीवरून थेट माझ्याकडे आला, कमरेला कोयता तसाच. मी नुकताच पहिला सूर काढला होता. काय आवाज होता तो! छातीला टेकलेल्या लाकडातून हाडात शिरला. भावानं सहीचं विचारलं. मी म्हटलं, उद्या करते, आधी हे ऐक. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या वाडीतलं लाकूड आहे ते," तो म्हणाला. "सही नाही, तर लाकूडही नाही."

त्यानं गिटार हिसकली, जमिनीवर आपटली आणि कोयता घातला. शिवण उभी चिरली. तुटलेली तार माझ्या गालावर फटकन बसली. झाड वडिलांचं, कोयताही वडिलांचाच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. त्यानं दुसरा घाव घातला आणि मी पटाशी ठोकायची मोगरी उचलली. पहिला तडाखा मनगटावर दिला. कोयता पडला. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यातच घालणार होते, पण त्यानं लहानपणी घ्यायचा तसं डोकं दोन्ही हातांत घेतलं.

"हात मोडला गं ताई," तो म्हणाला.

मी मोगरी टाकली. वाईट अजिबात वाटत नव्हतं.

"मला एकच झाड पाहिजे होतं," मी म्हटलं. "आता निम्मी वाडी पाहिजे."

मग रिक्षा बोलावली, कारण दुसरं कोण नेणार त्याला दवाखान्यात? प्रत्येक खड्ड्याला तो कळवळत होता, म्हणून त्याचा सुजलेला हात मी मांडीवर घेऊन धरला. नाक्यावर त्यानं हळूच विचारलं, सही करशील ना गं? मी हात तसाच धरून ठेवला आणि नाही म्हटलं.