विकतच्या केसांत पांढरा केस नसतो

इमारतीत सगळे तिला वहिनीच म्हणत, तिच्या सासूच्या वयाच्या बायकासुद्धा. पूर्वी ती एका पार्लरमध्ये होती. मुलगी झाल्यावर मागच्या खोलीत आरसा लावला, फिरती खुर्ची आणली आणि वरून जोडायच्या केसांचं काम घरीच सुरू केलं. क्लिपा शिवलेल्या केसांच्या पट्ट्या बायका हौसेने दुकानातून आणत आणि लावल्या की रडकुंडीला येत, कारण आपले केस कुठे संपले आणि विकतचे कुठून सुरू झाले हे लांबून कळे. वहिनी कात्री उभी धरून टोकं कुरतडत जाई, मग गरम इस्त्री फिरवी, आणि उसने केस जन्मापासूनचे वाटू लागत. हाताला यश होतं. जिभेला त्याहून जास्त. "तुम्हाला हेच शोभतं" असं ती इतक्या गोडीने म्हणे की बाई आरशात नीट न बघताच उठे.

धाकट्या नणंदेचे केस मात्र उसने नव्हते. मोठ्या आजारपणात उपचार सुरू होण्याआधी तिने आपली कमरेपर्यंतची वेणी वहिनीकडून कापून घेतली होती आणि तिच्याच पट्ट्या करवून ठेवल्या होत्या. आता ती बरी झाली होती. मानेपर्यंत विरळ केसही आले होते, आणि सोमवारी ती पुन्हा कामावर रुजू होणार होती.

"वहिनी, रजेवर गेले होते तशीच परत दिसायचंय मला," पट्ट्यांचा डबा हातात देत ती म्हणाली. "कुणी 'अरेरे' म्हणायला नको."

नणंद-भावजयीचं पटत नाही असं जग म्हणतं. या दोघींनी जगाचं कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी वहिनीने त्या पट्ट्या धुतल्या. पाठोपाठ बँकेतल्या एका बाईंच्याही धुतल्या. त्यांना आपल्या विकतच्या पट्ट्या खांद्याइतक्या कापून हव्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्ही लांब, दोन्ही एकाच दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या. एरवी ती एकीला लाल चिंधी बांधून ठेवी. त्या दिवशी फोन कानाला होता, कुणाच्यातरी सुनेची उणीदुणी रंगात आली होती, आणि चिंधी राहून गेली. वाळल्यावर तिने एक जुडी प्लास्टिकच्या डोक्यावर चढवली आणि खांद्याशी कात्री चालवली. सुनेचं पुराण चालूच होतं.

झाडायला वाकली तेव्हा फरशीवर एक पांढरा केस दिसला. मग दुसरा. विकतच्या केसांत पांढरा केस नसतो.

कापलेले केस पट्टीच्या टोकाला लावून बघत ती तशीच उकिडवी बसून राहिली, जणू ते चिकटणारच होते. डोक्यावरचे केस वाढतात, पट्टीतले वाढत नाहीत, हे रोज गिऱ्हाइकांना ऐकवणारी ही बाई! आणि चूक कशापायी, तर दुसऱ्याच्या सुनेची मापं काढण्यापायी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. रात्री नवऱ्याने "काय झालं?" विचारलं तर "काही नाही" म्हणाली.

रविवारी खरं सांगायचं असं तिने पक्कं ठरवलं होतं. पण नणंद दारातूनच अशी हसत आली की धीर सुटला.

"अगं, मी जरा वेगळं केलंय," वहिनी पट्ट्या लावत म्हणाली. "कमरेपर्यंत आता कोण ठेवतं? तुझा चेहरा भरलाय. खांद्यापर्यंतचेच शोभतात तुला."

नणंद आरशात बघत राहिली. तिचा हात पाठीमागे कमरेशी गेला, तिथे काही नव्हतं, तो मांडीवर परत आला.

"तू म्हणतेस तर छानच असणार," ती म्हणाली.

यापेक्षा हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं वहिनीला वाटलं. मन आतून कुरतडत होतं आणि हात मुकाट्याने इस्त्री फिरवत होते. सगळं झालं, पण नणंद उठेना.

"मग एक काम कर. हे माझे डोक्यावरचेही काप, बॉयकट कर. पुन्हा कमरेपर्यंत वाढवायचे म्हणून इतके दिवस कात्री लावू दिली नव्हती. लांब शोभतच नसतील तर कशाला जीव टाकायचा त्यांच्यावर?"

वहिनीने कात्री उचलली. तिच्या बोटांत मानेवरची ती कोवळी बट होती. तिने कात्री खाली ठेवली.

"नको गं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. चुकून कापले मी तुझे केस. फोनवर बोलत होते. तुला लांबच शोभतात. लांबच शोभायचे."

नणंदेने पट्ट्या एकेक करून काढल्या आणि डब्यात ठेवल्या.

"मला आरशात मुळीच आवडलं नव्हतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस म्हणून आवडून घेतलं."

"चुकले गं. हातून झालं..."

"हातून झालं त्याचं काही नाही, वहिनी. कालच सांगितलं असतंस तर धावत तुझ्याचकडे आले असते. वेणी कापली तेव्हाही तुझ्याच गळ्यात पडून रडले होते ना? आता हे केस गेले म्हणून मी कुणाजवळ रडू?"